गोवेकरांचा टॉवेल

"कोचचा टॉवेल डाव्या खांद्यावर गेला की आपल्यावर गोल होतोय," बापू मेवेकरी म्हणाले, आणि सगळ्यांना नीट कळावं म्हणून त्यांनी टेबल पुसायचा फडका उचलून स्वतःच्या डाव्या खांद्यावर टाकला.

आम्ही सगळे फडक्याकडे बघत राहिलो. काही झालं नाही.

"आणि उजव्या?" आबा इंगवल्यांनी विचारलं.

"उजव्या खांद्यावर असला की आपण गोल करतोय. मानेभोवती असला की काय व्हायचं, ते त्यांच्यात अजून ठरलेलं दिसत न्हाई."

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कोल्हापूरच्या कुंभारवेस तालीम मंडळाचा फुटबॉल संघ त्या वर्षी व्यावसायिक झाला होता. म्हणजे पोरांना पगार सुरू झाला होता आणि पराभवांना प्रायोजक मिळाला होता. प्रायोजक म्हणजे आबाच. त्यांची फौंड्री होती आणि ते मंडळाचे अध्यक्ष होते. बापूंचं बॅटऱ्यांचं दुकान होतं आणि कमिटीतला सर्वांत मोठा आवाज त्यांचा होता. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो आणि मंडळाचा सचिव होतो, कारण लीगची पत्रं इंग्रजीत येत.

हंगामाच्या सुरुवातीला आम्ही ओळीनं हरलो, तेव्हा कोणाला कसलाही संशय आला नव्हता. हरण्याची कारणं प्रत्येकाकडे होती, आणि ती प्रत्येकानं सामना चालू असतानाच साइडलाइनवर उभं राहून पोरांना ऐकवली होती. दिवाळीनंतर मात्र संघ जिंकू लागला. का जिंकतोय ते कमिटीत कोणालाच सांगता येईना. संशय तिथून सुरू झाला.

संशय होता कोचवर. नाव वामन कुंकळ्येकर, मूळ गोव्याचे. ते आडनाव कोणालाच धड म्हणता येईना, म्हणून गोवेकर. उंच, पुढून टक्कल, बोलणं कमी, आणि बोलले की आमच्या शहरात कधी ऐकू न येणारं मराठी. पहिल्याच दिवशी चहा पुढे केला तेव्हा म्हणाले, "आपले अगत्य पाहून भरून आले." बापूंनी तेव्हाच मला कोपर मारला होता. "एवढं गोड बोलतोय म्हंजे बघा."

"पण बापू, तो जिंकवतोय की," आबा म्हणाले.

"तेच तर! आबा, माणूस आधी जिंकवतोय. का? तर भाव वाढावा म्हणून. आन रविवारची मॅच विकतोय."

रविवारी शेवटचा सामना होता, सांगलीच्या कृष्णाकाठ संघाशी. जिंकलो तर वरच्या गटात जाणार होतो. नाही जिंकलो तर पगार बंद, असं आबांनी पोरांना तोंडावर सांगितलं होतं. निम्म्या पोरांनी त्या पगाराच्या भरवशावर हातातली कामं सोडली होती.

"लॉजिक काय म्हणतंय, सर?" आबा माझ्याकडे वळले.

"लॉजिक म्हणतं, उन्हानं घाम येतो आणि घाम आला की टॉवेल हलतो. उन्हानं बचाव दमतो आणि बचाव दमला की गोल होतो. म्हणजे दोन्हीला कारण एकच, ऊन."

"आन ऊन कोण पाठवतंय?" बापू म्हणाले.

आबांनी वर छताकडं पाहिलं.

"सामना चालू असताना हा फोनवर कोकणीत बोलतोय," बापू पुढे म्हणाले. "परवा कृष्णाकाठच्या कोचबरोबर टपरीवर चहा पीत होता. तोंडावर हात धरून! मी समोर पानपट्टीवर हुतो. डोळ्यांनी बघितलंय."

शेवटी ठरलं असं: मी गोवेकरांवर नजर ठेवायची आणि शनिवारी संध्याकाळी काय ते सांगायचं. दोषी निघाले तर रविवारच्या आत बाहेर. "मग बेंचवर कोण बसणार?" मी विचारलं.

बापूंनी फडका खांद्यावरून काढला, घडी केली आणि टेबलावर ठेवला. "आता वेळच आली तर मी काय न्हाई म्हणणार न्हाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावर गेलो. संघाचा सराव याआधी मी कधी बघितला नव्हता. सचिवाला तशी गरज पडत नाही. पोरं चौकोनात उभी राहून एकमेकांना पास देत होती आणि गोवेकर बाकड्यावर बसले होते. बराच वेळ तेवढंच चाललं. मधेच त्यांनी शिट्टी वाजवली, उठून इंद्रजित चौगलेजवळ गेले, दोन बोटांनी त्याची हनुवटी धरून तोंड समोर वळवलं, आणि परत येऊन बसले. तो पिवळा टॉवेल गळ्याभोवती होता. माझ्याही मनात आलं, गळ्याभोवती म्हणजे काय?

इंद्रजित म्हणजे आमचा डावा विंगर, बापूंचा सख्खा भाचा. सराव संपल्यावर तो नळावर पाय धुवायला आला, तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय शिकवतात रे गोवेकर सर?"

"काय न्हाई."

"काहीच नाही?"

"पास देत जा म्हणत्यात. कुणाला, ते तुझं तू बघ म्हणत्यात." तो जरा घुटमळला. "सर, एक विचारू? मामा बरं हाईत न्हवं?"

"कोण, बापू? त्यांना काय धाड भरलीय?"

"न्हाई, मॅचला कायच बोलंनात. आधी बॉल पायात आला की म्हणायचं, आत घे, इंद्या, आत घे. आत घेतला की म्हणायचं, बाहेर मारायचा नव्हं! घरी जेवताना परत सगळी मॅच सांगायचं. आता निस्तं टॉवेलाचं विचारत्यात."

"काय विचारतात?"

"सरांनी टॉवेल हितनं घेतला का गोव्यासनं आणला."

त्याच दिवशी मी स्वतः ते दृश्य बघितलं. स्टेडियमच्या मागच्या टपरीवर गोवेकर आणि कृष्णाकाठचे कोच, भरघोस मिशांचे नाईक, एका बाकावर. गोवेकरांनी इकडंतिकडं पाहिलं, तोंडापुढे हात धरला आणि नाईकांच्या कानात काहीतरी सांगितलं. नाईक मांडीवर थाप मारून हसले. शेवटच्या सामन्याआधी दोन कोचांनी एवढं हसावं असं जगात काय असतं, ते मला सुचेना. घरी जाताना मी स्वतःशी कबूल केलं की बापूंचं डोकं आपण समजतो तितकं रिकामं नाही.

शनिवारी दुपारी मी गोवेकरांच्या लॉजवर गेलो. त्यांना सरळ विचारायचं ठरवलं होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं आणि थांबलो.

गोवेकर आरशासमोर उभे होते. त्यांनी टॉवेल उजव्या खांद्यावरून हळूच काढला, एकदा डावीकडं पाहिलं, एकदा उजवीकडं, भुवई वर चढवली, आणि टॉवेल डाव्या खांद्यावर टाकला. मग नाराजीनं मान हलवून सगळं पहिल्यापासून केलं. या खेपेला भुवई जास्त चढली.

आरशात मी दिसलो तेव्हा ते वळले. "यावे, प्राध्यापक महाशय. नको त्या प्रवेशात आपले आगमन झाले."

"हे काय चाललंय?"

"उद्याचा सराव. बसावे. खुर्ची एकच आहे, ती आपण घ्यावी."

मी बसलो. "कमिटीचा तुमच्यावर संशय आहे," मी म्हणालो.

"असावा अशीच माझी इच्छा आहे. फार मेहनत घेतली आहे मी त्यावर." ते पलंगाच्या कडेवर बसले, आणि पहिल्यांदाच साधं बोलू लागले. "मी इथं आलो तेव्हा पहिल्या सामन्यात एकच गोष्ट पाहिली. तुमच्या पोरांच्या पायात बॉल आला की ती आधी बाहेर बघायची. साइडलाइनकडं. कोणी मामा, कोणी काका, कोणी गल्लीतला दादा. तो काय म्हणतो ते ऐकायचं आणि मग पुढं बघायचं. तेवढ्यात डिफेंडर अंगावर आलेला असायचा. पोरं चांगली आहेत हो. फक्त अर्धा क्षण उशिरा खेळत होती."

"मग कमिटीला तसं सांगायचं."

"सांगितलं ना! बापूंना हात जोडून म्हटलं, कृपया सामन्यात बोलू नका. बापू म्हणाले, अगदी बरोबर, लोक फार बोलतात. आणि दुसऱ्या दिवशी इतरांना 'गप्प बसा' म्हणून ओरडत होते. मग आबांकडं गेलो. आबा म्हणाले, मी बघतो. पुढच्या सामन्यापासून आबापण ओरडू लागले."

मला तो सामना आठवत होता. त्या दिवशी मीही दोनदा 'मागे, मागे' म्हणून ओरडलो होतो. मी ते बोललो नाही.

"मग एके दिवशी," गोवेकर म्हणाले, "सामना चालू असताना बायकोचा फोन आला. गॅस संपला होता. मी जरा बाजूला होऊन बोललो. वर पाहतो तर तुमची अख्खी कमिटी गप्प. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि त्या शांततेत पोरांनी गोल केला. हंगामातला पहिला सरळ गोल. कोणाला न विचारता केलेला."

"म्हणून टॉवेल?"

"आमच्या गावच्या जत्रेत मी नाटकांतून खलनायक करायचो. राजा रंगमंचावर असला की प्रेक्षक त्याला सल्ले देतात, असं कर, तिकडं जाऊ नको. खलनायक शिरला की सगळे गप्प, त्याच्या हाताकडे डोळे. राजा बिचारा मोकळा होतो." त्यांनी टॉवेलाची घडी घातली. "फोन रोज येणार नाही. म्हणून टॉवेल."

"आणि नाईक? तोंडावर हात धरून काय सांगत होता?"

"त्याच्या व्याह्यांची नक्कल करत होतो. आम्ही एकत्र खेळलोय. हात धरला, कारण बापू पानपट्टीमागं उभे होते. आणि काल आपण विजेच्या खांबामागं होता."

मी खुर्ची जरा पुढं ओढली. मग विचारलं, "हे सगळं खरं कशावरून?"

"कशावरूनच नाही," गोवेकर म्हणाले. "आपल्या जागी मी असतो तर विश्वास ठेवला नसता."

मी उठलो, तसे तेही उठले. "आज संध्याकाळी आपण कमिटीला सांगणार. मी स्वच्छ आहे असं सांगितलंत तर उद्या सगळे पोरांकडे बघतील. मी बदमाश आहे असं सांगितलंत तर बेंचवर बापू बसतील. पोरांच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. एक विनंती करतो. माझ्यावरचा संशय सामना संपेपर्यंत शाबूत ठेवावा. पण काढून टाकण्याइतका वाढू देऊ नये. आपण तर्कशास्त्राचे, आपल्याला माप जमेल."

संध्याकाळी कमिटी वाटच बघत होती. बापू इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

"बोला, सर. दोषी का निर्दोष?"

"पुरावा नाही," मी म्हणालो. बापूंचा चेहरा उतरला. "पण मी त्याला आरशासमोर टॉवेलाच्या खुणांचा सराव करताना बघितलं."

खोलीत एकदम जीव आला. "मी काय सांगत हुतो!" बापू उभेच राहिले. "आबा, आत्ताच्या आत्ता..."

"आत्ता काढला तर तो नाकबूल करील," मी म्हणालो. "उद्या सामन्यात रंगेहाथ धरला तर बोलायला जागा उरणार नाही. फक्त एक क्षणही नजर हलता कामा नये."

आबांनी विचार केला आणि मान डोलावली. मग बापूंनी कामं वाटून दिली. एकानं टॉवेल बघायचा, एकानं डावा हात, एकानं उजवा, एकानं फोन. स्वतःकडे त्यांनी भुवया घेतल्या. त्यासाठी कोणाची तरी दुर्बीण आणायचं ठरलं.

रविवारी स्टेडियम भरलं होतं. आमची कमिटी साइडलाइनवर ओळीत बसली होती, सगळ्यांच्या माना एकाच बाजूला. पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हाही एक मान हलली नाही.

गोवेकरांनी त्या दिवशी जे केलं तसं काम मी पुढं कधी बघितलं नाही. ते उठले, बसले, बुटाची नाडी सोडली, बांधली, आकाशाकडे बघून बोटं मोजली. टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर, तिथून गुडघ्यावर. "गुडघा! गुडघा नवीन हाय!" बापू दुर्बिणीमागून कुजबुजले.

हाफटाइमच्या थोडं आधी कृष्णाकाठनं गोल केला. टॉवेल डाव्या खांद्यावर होता.

"बघितलंसा?" बापूंनी माझं मनगट धरलं. "बघितलंसा, सर?"

मी बघितलं होतं, आणि आणखी एक बघितलं होतं. गोल झाला तेव्हा गोवेकर हसले होते. पलीकडे नाईकही हसत होते. संशयिताचं सोंग घेणारा प्रामाणिक माणूस आणि प्रामाणिकपणाचं सोंग घेणारा लबाड माणूस, या दोघांत बाहेरून फरक कसा ओळखायचा? हा प्रश्न मी वर्गात कधी घेतला नव्हता. गोवेकरांना काल काढता आलं असतं. मीच थांबवलं होतं.

दुसऱ्या अर्ध्यात मी एकटाच मैदानाकडे बघत होतो. पोरं घाई करत नव्हती. बॉल पायात आला की मान वर, पास, पुढं. इंद्रजितला दोनदा पाडलं, दोन्ही वेळा तो उठला आणि बाहेर न बघता जागेवर गेला. आमचा पहिला गोल कॉर्नरवरून झाला. टॉवेल पुन्हा डाव्या खांद्यावर होता. "खूण बदलली," डाव्या हातावर नेमलेला सभासद गंभीरपणे म्हणाला.

शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा गोवेकर खाली वाकले, बूट काढला, उलटा करून झटकला, आत डोळा लावून बघितलं, आणि कोणी बघत नाही ना अशा नजरेनं चौफेर पाहिलं.

"बुटात हाय!" बापू ओरडले. "आबा, बुटात हाय!"

कमिटी बुटाकडे धावली. तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर डावीकडून इंद्रजित आत शिरला. पुढ्यात दोन डिफेंडर होते. त्यानं कोणालाही विचारलं नाही.

स्टेडियम फुटल्यासारखा आवाज आला. बापू गोवेकरांचा बूट हातात घेऊन उभे होते. त्यांनी दुर्बीण खाली केली.

"काय झालं?"

"गोल."

"कुणी मारला?"

"इंद्रजितनं."

बापू मैदानाकडे वळले. तिथं आता नुसता पोरांचा ढीग दिसत होता, एकावर एक, आणि सगळ्यात खालून एक पाय बाहेर आलेला. बुटात काही नव्हतं.

सोमवारी सभा भरली. पेढे होते, हार होता. गोवेकरांच्या नावावरचा डाग पुसायची हीच वेळ, असं समजून मी उठलो आणि सगळं सांगितलं. बाहेर बघणारी पोरं, गॅसचा फोन, जत्रेतला खलनायक, टॉवेल. मला वाटलं, हशा होईल, मग टाळ्या.

कोणी हसलं नाही.

"म्हणजे तो विकला गेला नव्हता?" आबांनी विचारलं.

"अजिबात नाही."

"आणि आपण बोलत होतो म्हणून संघ हरत होता?"

"बऱ्याच अंशी."

"हे तो म्हणतोय, का तुम्ही?"

मी पेढ्यांच्या खोक्याकडे बघितलं. "निकाल तसं म्हणतोय."

आबा बराच वेळ अंगठी फिरवत बसले. "त्यानं मॅच विकली असती," ते सावकाश म्हणाले, "तर एकवेळ बोलावून समज दिली असती. माणूस चुकतो. पण हा आम्हाला हंगामभर बुजगावणं दाखवून गप्प बसवतो? पगार माझा, आणि मी टॉवेल बघत बसायचं?"

बापू आजवरच्या प्रत्येक सभेत आधी बोलत आले होते. त्या दिवशी ते शेवटी बोलले, आणि अगदी हळू. "इंद्याला मी खांद्यावर बसवून मॅचला आणायचो, सर. एवढासा हुता. त्याचा गोल गावानं बघितला. मी मोकळा बूट बघत हुतो."

गोवेकरांना काढायचा ठराव एकमतानं झाला. 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द मीच घातले, सचिव होतो.

गोवेकर निघाले तेव्हा एसटी स्टँडवर मी एकटाच गेलो होतो. पणजीची गाडी लागली होती. मी चुकत माकत माफीसारखं काहीतरी बोललो.

"छे, छे. खलनायकाला शेवटच्या अंकात जावंच लागतं," ते म्हणाले. "पोरं वरच्या गटात गेली ना? पगार राहिला ना?"

"राहिला."

"देव बरें करूं," ते कोकणीत आभार मानत म्हणाले. त्यांनी बॅग गाडीत चढवली, मग पायरीवरून वळून विचारलं, "माझ्या जागी कोण येणार?"

"आपल्यातलाच एक आहे. पूर्वी तालमीकडूनच खेळायचा. मोकळा माणूस, सगळ्यांचं ऐकून घेतो. परवापासून सुरू करतोय."

"कोणाचा काही संशय वगैरे?"

"नाही. कमिटीचा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा. बापूंचासुद्धा."

हंगामभर त्यांच्या चेहऱ्यावर मी जे जे पाहिलं ते बेतलेलं होतं. त्या क्षणी जे दिसलं ते बेतलेलं नव्हतं. कंडक्टरनं बेल दिली तरी ते पायरीवरच उभे होते.

"अरेरे," ते म्हणाले. "पोरं चांगली होती हो."